शेतसाऱ्यास सुगी, शुल्कास आषाढ



माझी नोकरीचीं सारीं वर्षें महसूल कचेरींत गेलीं. तेथील जुन्या दप्तरानें मला एक गोष्ट शिकविली. मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याचे हप्ते सुगीचा काळ पाहून ठरत; कारण पीक घरांत आल्यावांचून खातेदाराच्या हातीं पैसा येत नाहीं, हें परक्या सरकारासही कळत होतें. मुलांच्या उच्च शिक्षणाचा खर्च मागतांना मात्र हेंच साधें गणित आज विसरलें जातें.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाच्या योजनेंत, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आंत असलेल्या कुटुंबांतील मुलांचें निम्में शिक्षणशुल्क सरकार सोसतें. व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या आर्थिक दुर्बल व मागास वर्गांतील मुलींना तर, याच उत्पन्नमर्यादेंत, २०२४-२५ पासून पूर्ण माफी मिळाली आहे.

परंतु शुल्क म्हणजे सारा खर्च नव्हे. नागोठण्याचा मुलगा लोणेऱ्याच्या विद्यापीठांत किंवा मुंबईस गेला, कीं खोली व खाणावळ यांचे पैसे आषाढ-श्रावणांतच मोजावे लागतात. त्या वेळीं आपला पैसा बियाणें, खत व लावणीची मजुरी यांत गुंतलेला असतो. भात झोडून विकेपर्यंत दिवाळी उलटते. सरकारी मदत अर्जाची तपासणी होऊन मागाहून येते. मधल्या काळांत दागिना गहाण पडतो, नाहींतर मुलगा घरीं बसतो.

शाहू छत्रपतींनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभारलीं. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास छात्रालय काढलें. खेड्यांतील विद्यार्थ्यास पुस्तकाइतकीच निवाऱ्याची व भाकरीची गरज असते, हें दोघांनींही ओळखलें होतें.

अल्पभूधारकांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहेच. त्याचा पहिला हप्ता सरकारनें प्रवेशाबरोबरच द्यावा, आणि शुल्काचा आपल्यावर पडणारा वांटा पौषांत भरण्याची मुभा द्यावी. यांत तिजोरीवर मोठा नवा भार नाहीं. केवळ तारीख बदलावयाची आहे.

आपलेंही एक कर्तव्य आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठीं एप्रिल लागतांच अर्ज करावा. निकालानंतरच्या गर्दींत शिरूं नये. दाखल्यावांचून हक्काचा पैसाही पदरीं पडत नाहीं, हें मीं कचेरींत बसून पुष्कळदां पाहिलें आहे.