घर बाईच्या नावावर; पण कागद कुणाच्या हाती?

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या दोन्ही गोष्टी स्त्रीवाचून होत नाहीत. तरीही दोहोंची बोलणी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्याच बैठकीत होत आली. लग्नाच्या बाबतीत काळ पुष्कळ पालटला. मुलीचा होकार विचारल्यावाचून आता सहसा सुपारी फुटत नाही. पण घर आणि जमीन यांच्या बाबतीत तो तसा पालटला आहे काय?

कायद्यापुरते बोलायचे तर पालटला आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. १९९४ साली महाराष्ट्राने, तोवर अविवाहित असलेल्या मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. २००५ साली तो देशभरच्या हिंदू मुलींना मिळाला. आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. पन्नास लाखांच्या घरामागे पन्नास हजार रुपये वाचतात, ही काही लहान रक्कम नव्हे.

परंतु इथेच खरा प्रश्न उभा राहतो. सवलतीसाठी बाईचे नाव खरेदीखतावर आले. ते खरेदीखत तिने वाचले का? सही कुठे करायची ते तिला बोटाने दाखवले जाते, आणि ती करते. दुसरीकडे माहेरच्या जमिनीचे हक्कसोडपत्र समोर येते. ‘भावाशी वाकडेपणा नको’ म्हणून शिकलेली मुलगीही त्यावर सही करते. समजून-उमजून वाटा सोडला तर तो तिचा निर्णय, त्याचा आदरच करावा. पण आपण किती सोडतो आहोत हे ठाऊक नसताना केलेल्या सहीला त्याग कसे म्हणावे? ते अज्ञानच.

सोन्याची पारख आपल्या आया-आज्यांना उत्तम आहे. घडणावळ किती, तूट किती, हे सराफाला हटकून विचारतात. तीच बाई घर पाहायला गेली की ओटा, फरशी आणि उजेड पाहून परतते. बुद्धी तीच आहे. फरक एवढाच की सोन्याचे शिक्षण तिला चार बायकांच्या संगतीत मिळाले. मालमत्तेचे शिक्षण देणारी तशी संगत तिला लाभली नाही. म्हणून स्थावर मालमत्तेत पैसा घालू पाहणाऱ्या स्त्रीने आधी संगत निवडावी, जागा मागाहून, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही संगत कशी ओळखावी? हल्ली हॉटेलांच्या सभागृहांतून ‘महिलांसाठी गुंतवणूक मार्गदर्शन’ भरते. भ्रमणध्वनीवरही असे गट उदंड झाले आहेत. त्यांतले सारेच खोटे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र त्यांना दोन प्रश्न विचारावेत. शिकवणाऱ्याचे पोट कशावर चालते? आणि इथे बुडालेल्या पैशाची गोष्ट मोकळेपणाने सांगता येते का? जिथे व्याख्यानाच्या शेवटी भूखंडाचा नकाशा उघडतो आणि ‘आजच नोंदणी करा’ असा आग्रह होतो, तिथे आपण विद्यार्थिनी नसून गिऱ्हाईक असतो. जिथे कुणी म्हणते, ‘थांब, आधी कागद पाहू,’ ती खरी शाळा.

अशा शाळा आपल्या उंबरठ्याजवळच आहेत. पहिली बचत गटाची. कर्ज, व्याज, हप्ता यांचा हिशेब तिथे बायका स्वतः ठेवतात. त्याच बैठकीत महिन्यातून एकदा सात-बारा वाचायला काय हरकत आहे? दुसरी शाळा सहकारी गृहनिर्माण संस्थेची. तिच्या व्यवस्थापक समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात. पुष्कळदा तिथे नाव पत्नीचे आणि बोलणे पतीचे! ती जागा जी स्वतः चालवील तिला अभिहस्तांतरण, देखभाल खर्च, इतिवृत्त या गोष्टी कोणत्याही शुल्कावाचून शिकता येतील.

ग्रंथांचे म्हणाल तर पहिले पाठ्यपुस्तक म्हणजे मूळ दस्तऐवज. सात-बारा महाभूलेखवर घरबसल्या पाहता येतो. त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचावा, कारण कर्जाचा बोजा तिथे दिसतो. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे फेरफार सांगतो. शेतजमीन घेण्यापूर्वी १९४८ चा कूळकायदा आठवावा. शेतकरी नसलेल्याला ती परवानगीवाचून घेता येत नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीची मंजुरी, मुदत आणि चालू दावे महारेराच्या नोंदीत पाहता येतात. आणि अडलेच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. हे हक्काचे दार किती जणींना ठाऊक आहे?

‘बायकांकडे पैसाच कुठे आहे? मग या ज्ञानाचा उपयोग काय?’ असा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. परंतु १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, तिथे जमलेल्या बायकांकडे तरी कुठे पैसा होता? त्यानंतरच्या वर्षांत शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घेतली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. पैशाच्या आधी प्रश्न उभा राहिला, आणि तो चारचौघींत उभा राहिला म्हणूनच त्याला बळ आले. एकटीने विचारले तर ‘अविश्वास’ ठरतो. दहा जणींनी विचारले की तो रिवाज होतो.

‘हा विषय वाणिज्य किंवा विधी शाखेचा, आम्हां कलाशाखेच्या मुलींना काय त्याचे?’ असेही कुणी म्हणेल. मला तर तो आपलाच वाटतो. शब्दांचा अर्थ लावणे, ओळींमधले वाचणे हेच आपण तीन वर्षे शिकतो. मग ‘कायम खूश खरेदी’ आणि ‘साठेखत’ यांतला भेद पदवीधर मुलीला सांगता येऊ नये, हे आपल्या शिक्षणाला शोभते का?

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे की आठवड्यातला एखादा मोकळा तास या वाचनाला द्यावा. आणि मैत्रिणींनो, त्या तासाला येताना आपापल्या घरचा एक सात-बारा किंवा खरेदीखताची एक प्रत घेऊन या. ती मागताच घरात जो प्रश्न विचारला जाईल — ‘तुला कशाला हवी?’ — त्याचे उत्तर शोधण्यापासूनच आपला अभ्यास सुरू होईल.