प्रतिजैविकांचे गायरान राखायचे कोणी?

केंद्र सरकारने २०१९ च्या जुलै महिन्यात कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांतील वापर बंद केला. त्यानंतर २०२५ च्या मार्चमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांवरही तशीच बंदी आली. हे दोन्ही निर्णय योग्य होते. कोणी सुज्ञ माणूस त्यांना विरोध करणार नाही. परंतु आदेश राजपत्रात छापून येणे ही एक गोष्ट आणि तो गोठ्याच्या दाराशी पोचणे ही अगदी निराळी गोष्ट. गोठ्यात औषध का वापरले जाते, ते कोण देतो, त्याची किंमत कोण मोजतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो, या प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय काढलेले आदेश कागदावरच राहतात, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

प्रश्न लहान नाही. औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला. दुसरीकडे, जगात विकल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश माणसांसाठी नव्हे, तर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी खपतात, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. माणसांच्या दवाखान्यांतही या औषधांची उधळपट्टी होते, यात शंका नाही. मानवी रोगांतील वाढत्या प्रतिकारशक्तीत गोठ्याचा वाटा नेमका किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेदही आहेत. तथापि औषधाचा एवढा मोठा हिस्सा जेथे खर्ची पडतो, त्या दिशेकडे पाठ फिरवून आरोग्याचे धोरण आखता येणार नाही.

उपचार आणि नफा

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिनचा शोध लागला. औषधाची मात्रा अपुरी पडली तर जीवाणू तिला सरावतील, असा इशारा १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात त्यानेच देऊन ठेवला होता. हे औषध भारतीय रुग्णाला परवडावे म्हणून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. म्हणजे प्रतिजैविक ही बाजारातील इतर वस्तूंसारखी एक वस्तू नव्हे, तिच्याशी लोकांचे हित जोडलेले आहे, ही जाणीव त्या काळी होती.

परंतु १९५० च्या सुमारास अमेरिकेत एक निराळाच शोध लागला. कोंबड्यांच्या खाद्यात क्लोरटेट्रासायक्लिनचा अल्पांश मिसळला तर त्या लवकर वाढतात, असे दिसून आले. आजार नसताना, केवळ वजन वाढावे म्हणून औषध देण्याची प्रथा तेथून जगभर पसरली. फ्लेमिंगने ज्या अपुऱ्या मात्रेचे भय दाखविले होते, तीच मात्रा आता रोजच्या खाद्याचा भाग झाली. १९६९ साली ब्रिटनमधील स्वान समितीने या प्रथेस हरकत घेतली. १९८६ साली स्वीडनने ती बंद केली आणि २००६ च्या प्रारंभापासून संपूर्ण युरोपीय संघाने. एक चूक लक्षात येण्यापासून ती दुरुस्त होण्यापर्यंत सदतीस वर्षे गेली.

त्या विलंबाची किंमत काय असते, हे कोलिस्टिनने दाखवून दिले. मूत्रपिंडास अपाय करणारे म्हणून हे जुने औषध माणसांच्या वापरातून मागे पडले होते. जनावरांना मात्र ते सर्रास दिले जाई. इतर औषधे निकामी होऊ लागली तेव्हा अत्यवस्थ रुग्णांसाठी शेवटचा उपाय म्हणून डॉक्टर पुन्हा कोलिस्टिनकडे वळले. परंतु २०१५ साली चीनमधील डुकरांत आणि तेथील रुग्णांतही कोलिस्टिनला निष्प्रभ करणारे एक जनुक आढळले. एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जीवाणूकडे सहज जाणारे असे हे जनुक होते. शेवटच्या उपायाचा पाया अशा रीतीने गोठ्यातच पोखरला गेला होता.

शेतकऱ्याचा हिशेब

आता आपल्याकडील परिस्थिती पाहू. भारत हा जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश आहे आणि हे दूध मुख्यतः दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्या दारातून येते. दुभत्या जनावराला होणारा सर्वांत खर्चिक आजार म्हणजे कासदाह. खेड्यात त्यालाच 'दगडी' म्हणतात. कास सुजते, कडक होते, दुधात गाठी येतात. हा आजार बहुधा जीवाणूंमुळे होतो आणि त्यावर प्रतिजैविक देणे पुष्कळदा आवश्यकही असते. तेव्हा गोठ्यातील औषध सरसकट पाप ठरविणे हा अन्याय होईल. कोंबडीच्या खाद्यात मिसळलेले औषध आणि वेदनेने तडफडणाऱ्या गाईला टोचलेले औषध यांची एकाच मापाने तुलना करता येत नाही.

तरीही या दुसऱ्या औषधाचा हिशेब मांडलाच पाहिजे. समजा, एक गाय दिवसाला बारा लिटर दूध देते आणि दुधाला लिटरमागे तीस रुपये मिळतात. उपचार तीन दिवस चालला आणि औषधाचा अंश शरीरातून निघून जाईपर्यंत आणखी चार दिवस दूध विकू नये असे वेष्टनावर लिहिले असेल, तर सात दिवसांचे ८४ लिटर दूध, म्हणजे २,५२० रुपये, नियम पाळणाऱ्याच्या घरातून जातात. आजारात दूध घटते ही गोष्ट सोडून दिली तरी पेंड आणि वैरण यांचा खर्च काही थांबत नाही. शिवाय दूध ओतून देणाऱ्याची पाठ कोणी थोपटत नाही आणि न ओतणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. गावच्या संकलन केंद्रावर भाव ठरतो तो फॅट आणि एसएनएफ पाहून. औषधाच्या अंशाचा रकाना त्या चिठ्ठीवर नसतो. दूध विरजत नाही किंवा चीज जमत नाही, तेव्हा शहरातील डेअरीला शंका येते. परंतु तोवर शंभर घरांचे दूध एकत्र झालेले असते.

औषध निवडण्याच्या बाबतीतही तोच प्रकार घडतो. कोणता जीवाणू आहे आणि त्यावर कोणते औषध लागू पडेल, हे प्रयोगशाळेत पाहण्यास दोन-तीन दिवस लागतात आणि ती प्रयोगशाळा बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. पाच हजार पशुधनामागे एक पशुवैद्य असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली केली होती. ती आजही पुरी झालेली नाही. मग शेतकरी गाठतो तो जवळच्या औषधाच्या दुकानदाराला किंवा मोटारसायकलवरून फिरणाऱ्या, पुरेसे शिक्षण नसलेल्या 'डॉक्टर'ला. तो सर्वांत जोरकस औषध देतो, कारण गाय लवकर उभी राहिली तरच त्याचे नाव राहते. ताप उतरला की उरलेल्या मात्रा दिल्या जात नाहीत, कारण त्यांचे पैसे वाचतात. या साखळीतील प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत असतो आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज मात्र मूर्खपणात होते.

गायरानाचा न्याय

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू याने १९२० साली खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीचे जे विवेचन केले, त्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. औषधाच्या बाटलीवर छापलेली किंमत हा खाजगी खर्च झाला. त्या औषधाच्या प्रत्येक अनावश्यक वापराने त्याची मारक शक्ती थोडी थोडी झिजते. हा सामाजिक खर्च कोणत्याही बाटलीवर छापलेला नसतो. तो पुढे कधीतरी कोणा अनोळखी रुग्णाकडून वसूल होतो. प्रतिजैविकाची परिणामकारकता ही अशा रीतीने गावच्या गायरानासारखी आहे. एकाने आपली आणखी एक गाय सोडली तर त्याला फायदा दिसतो. सर्वांनी सोडली की गायरान उजाड होते.

या ठिकाणी एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले. हे प्रमाण सव्वा टक्क्याच्याही आत असल्याने काहींनी समाधान मानले. परंतु दुधात औषधाचा अंश असणे हा एक प्रश्न आणि जीवाणूंनी औषधाला न जुमानणे हा दुसरा. दूध निर्दोष असले तरी शेणामुतातून, उकिरड्यावरील खतातून, सांडपाण्यातून आणि माणसांच्या हातांतून सरावलेले जीवाणू बाहेर पडतच असतात. ग्राहकाने दूध उकळून घेतल्याने त्या दुधातील जीवाणू मरतील. गोठ्यातून गावात गेलेले जीवाणू मरणार नाहीत.

केवळ बंदीने काय साधते, याचाही धडा आपल्यासमोर आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे मेलेल्या गुरांवर जगणाऱ्या गिधाडांच्या तीन प्रमुख जाती नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मग माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या आणि कुपीचा आकार तीन मिलिलिटरवर आणण्यास २०१५ साल उजाडावे लागले. गरज कायम ठेवून केवळ पुरवठ्याची एक वाट बुजवली की दुसरी वाट पडतेच.

काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे मोठा कुक्कुटपालन उद्योग आणि लहान दूध उत्पादक यांना एकाच काठीने हाकणे सोडले पाहिजे. करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात पिले, खाद्य आणि औषध कंपनीच पुरविते. तेथे जबाबदारी शेतकऱ्यावर ढकलण्याचे कारण नाही. खाद्याचे कारखाने मोजके असतात आणि त्यांची तपासणी सरकारला करता येण्याजोगी आहे. वाढीसाठी औषध वापरणे तेथे पूर्णपणे बंद झाले पाहिजे. अशा बंदीने उद्योग बुडत नाही, हे डेन्मार्कने दाखविले आहे. तेथे बंदीनंतर प्रारंभी डुकरांच्या पिलांत आजार वाढले, उपचारासाठी औषधही अधिक लागले. परंतु गोठ्यांची व्यवस्था सुधारली आणि धंदा टिकून राहिला. औषधविक्रीतून पशुवैद्यांना मिळणाऱ्या नफ्यावरही त्या देशाने १९९५ च्या सुमारास मर्यादा घातली. सल्ला देणाऱ्याचा फायदा औषध खपविण्यात असू नये, हे त्यामागील तत्त्व आपल्याकडेही स्वीकारण्यासारखे आहे.

लहान दूध उत्पादकाच्या बाबतीत मात्र आधी त्याचा हिशेब बदलला पाहिजे. दूध काढण्यापूर्वी हात व कास धुणे, बसण्याची जागा कोरडी ठेवणे, दूध काढल्यानंतर सड जंतुनाशकात बुडविणे आणि लपलेला कासदाह ओळखणारी साधी द्रावणाची चाचणी दूध संस्थेत उपलब्ध करणे, या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. घटसर्प आणि फऱ्या या जीवाणूजन्य रोगांच्या लसी पुण्यात औंध येथील सरकारी संस्थेत तयार होतात. पावसाळ्यापूर्वी त्या प्रत्येक गोठ्यात पोचल्या तर पुढची कितीतरी इंजेक्शने वाचतील.

राहिला प्रश्न ओतून दिलेल्या दुधाचा. समजा, एखादी संस्था रोज हजार लिटर दूध गोळा करते आणि लिटरमागे दहा पैसे बाजूला ठेवते. वर्षाकाठी ३६,५०० रुपये जमतील आणि वरच्या उदाहरणातील नुकसान चौदा गाईंच्या बाबतीत पुरेपूर भरून देता येईल. पशुवैद्याचा दाखला असेल तरच भरपाई, अशी अट घातली म्हणजे खोट्या मागण्यांना आळा बसेल, शिवाय शेतकरी दुकानाऐवजी दवाखान्याकडे वळेल. लिटरमागे दहा पैशांचा हा भार ग्राहकाने उचलावा असे म्हटले तर त्यात अन्याय नाही. कारण राखले जाणारे औषध उद्या त्याच्याच मुलाच्या उशाशी लागणार आहे. अर्थात पशुवैद्यांची रिक्त पदे भरल्याविना या योजनेला अर्थ उरणार नाही आणि ती भरणे हे शासनाचेच काम आहे.

गायरान राखण्याची रीत खेड्यांना नवी नाही. कोणाची किती गुरे, कोणत्या ऋतूत चराई बंद, हे गाव ठरवी आणि ते पाळले जाई, कारण प्रत्येकाला त्यात आपले हित दिसत असे. जेथे हित दिसेनासे झाले तेथे गायराने मोडली. उजाड गायरानावर दोन पावसाळे बरे गेले तर पुन्हा गवत येते. निकामी झालेल्या औषधाच्या बाबतीत तशी खात्री कोणी देऊ शकत नाही आणि त्याची जागा घेणारी नवी औषधे फार थोडी येत आहेत. म्हणूनच, बंदीचे आदेश काढणाऱ्यांनी आता राजपत्र मिटून गोठ्यातील जमाखर्चाची वही उघडली पाहिजे.