ड्युटी शून्य, मग लहान वर्कशॉपचा खर्च वाढला कसा?



एक्सपोर्टवर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, त्या देशात ड्युटी किती लागते तेवढं सांगा, बाकी आम्ही बघतो." आज त्या 'बाकी'बद्दलच लिहिते. माझं मत स्पष्ट आहे: लहान धंदा ड्युटीने क्वचित बुडतो, तो या 'बाकी'ने बुडतो. आणि सरकार मदत करतं तेव्हा तीही बऱ्याचदा उशिरा आणि चुकीच्या दारात पोचते.

उदाहरण ब्रिटनचं घेते. तिथल्या विमानाचे भाग बनवणाऱ्या लहान वर्कशॉपचं. लांबचं वाटेल, पण वाचत राहा. तुमचं लेथ मशिन असो की मसाल्याचं पॅकिंग, यातलं निम्मं तुम्हाला लागू पडतं.

झालं काय होतं?

जून २०१६ मध्ये ब्रिटनच्या लोकांनी युरोपीय संघातून बाहेर पडायचं मत दिलं. ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला. जुने नियम मात्र ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू ठेवले होते. आता गंमत बघा. १ जानेवारी २०२१ पासून कोणत्या नियमांनी व्यापार करायचा तो करार ठरला २४ डिसेंबर २०२० ला. मध्ये एक आठवडा, तोही नाताळचा. म्हणजे आपल्याकडे ऐन दिवाळीत जाहीर करायचं, की पुढच्या सोमवारपासून बिल, चलन, सगळं नव्या पद्धतीने करा.

विमानाच्या धंद्याला हे जास्त झोंबतं, कारण तो एका देशात होतच नाही. एअरबसचे पंख उत्तर वेल्समधल्या ब्रॉटनला तयार होतात. त्यांचं डिझाईनचं काम ब्रिस्टलजवळ फिल्टनला चालतं. मग ते पंख बेलुगा नावाच्या पोटफुग्या मालवाहू विमानातून युरोपात जोडणीला जातात. डर्बीत रोल्स रॉइसची इंजिनं बनतात. या मोठ्या नावांच्या मागे लहान वर्कशॉपची लांबलचक रांग असते. कोणी फक्त मशिनिंग करतं, कोणी फक्त हीट ट्रीटमेंट, कोणी फक्त प्लेटिंग. आपल्या भोसरीत जॉब वर्क चालतं, अगदी तसंच.

नव्या करारात वरवर चांगली बातमी होती: ड्युटी शून्य, कोटा नाही. खरं तर विमानाच्या भागांवर ड्युटीची भीती आधीही फारशी नव्हती. नागरी विमानांच्या व्यापाराचा एक आंतरराष्ट्रीय करार १९८० पासून लागू आहे आणि त्यात या मालावरची ड्युटी आधीच काढून टाकलेली आहे. मग अडचण कुठे आली?

इथे कागद हाच माल आहे

माझं दुकान टूल्स आणि नट-बोल्टचं आहे. तोच हाय टेन्साइल बोल्ट टेस्ट सर्टिफिकेटशिवाय घेतला तर एक भाव, सर्टिफिकेटसह घेतला तर दुसरा. कारखान्यातला परचेसवाला मुकाट्याने जास्त पैसे देतो, कारण ऑडिटला बोल्ट कोणी बघत नाही, कागद बघतात.

विमानात हेच टोकाला जातं. भाग कितीही अचूक बनवा, त्याच्यासोबत रिलीज सर्टिफिकेट नसेल तर तो भंगार. २०२० पर्यंत ब्रिटनमधल्या कंपन्या युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे ईएएसएच्या, छत्राखाली होत्या. एक मान्यता, सगळीकडे चालते. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनची स्वतःची सीएए ही संस्था वेगळी झाली आणि तिचा फॉर्मही वेगळा. नव्या बनवलेल्या भागांसाठी युरोपने ब्रिटनचं सर्टिफिकेट करारात मान्य केलं. दुरुस्तीच्या कामाला मात्र ती सवलत मिळाली नाही. म्हणजे युरोपातल्या विमानाचा भाग दुरुस्त करून परत पाठवायचा, तर ईएएसएची वेगळी मान्यता घ्या. काम तेच, माणसं तीच, जागा तीच. मान्यता दोन, ऑडिट दोन, फी दोन.

रोल्स रॉइसने काय केलं? मोठ्या इंजिनांच्या डिझाईनची मान्यता ब्रेक्झिटच्या आधीच डर्बीतून जर्मनीत हलवली. शहाणपणाचं पाऊल होतं. पण त्यासाठी जर्मनीत आधीपासून कंपनी असावी लागते. वीस माणसांच्या वर्कशॉपला 'जर्मनीत हलवा' असं सांगणं म्हणजे चाळीत राहणाऱ्याला 'दुसऱ्या बंगल्यात जा' म्हणण्यासारखं आहे.

त्यावर कस्टमचं काम आलं. आधी कोव्हेंट्रीहून टुलूझला माल पाठवणं म्हणजे पुण्याहून नागपूरला पाठवण्यासारखं होतं. आता प्रत्येक खेपेला डिक्लरेशन. शून्य ड्युटी हवी तर माल ब्रिटनमध्ये किंवा युरोपात पुरेसा घडला आहे याचा पुरावा. टायटॅनियमचा बार तिसऱ्याच देशातून आला असेल तर त्याची साखळी दाखवा. विमानाचा भाग म्हणून सवलत हवी तर तो विमानातच जाणार हे दाखवायची कस्टमची परवानगी घ्या, आणि तसं रेकॉर्ड ठेवा. प्लेटिंगवाल्याचे आणखी हाल, कारण गंज रोखणाऱ्या क्रोमेटसारख्या रसायनांसाठी ब्रिटनची वेगळी आणि युरोपची वेगळी नियमावली झाली.

यातला एकही खर्च 'ड्युटी' या नावाने बिलात दिसत नाही. तो मालकाच्या रात्रीत दिसतो. दिवसा मशिनवर उभं राहायचं आणि रात्री फॉर्म भरायचे. त्यात २०२० चं कोविड. एअरबसने उत्पादन साधारण एक तृतीयांशाने कमी केलं होतं. म्हणजे ऑर्डर कमी झाल्या आणि त्याच वर्षी कागद वाढले.

मदत आली, पण कशी?

फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने लहान उद्योगांसाठी २ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. फक्त विमानवाल्यांसाठी नाही, युरोपशी व्यापार करणाऱ्या सगळ्याच लहान-मध्यम कंपन्यांसाठी. कस्टम, व्हॅट, मूळ देशाचे नियम यांचं ट्रेनिंग आणि सल्ला घ्यायला एका कंपनीला जास्तीत जास्त २,००० पौंड. तेव्हाच्या भावाने साधारण २ लाख रुपये. ३० जूनला अर्ज बंद झाले आणि पैशांचा मोठा भाग वापरलाच गेला नाही.

आता कोणी म्हणेल, लोकांनी घेतलं नाही तर सरकारचा काय दोष? हा मुद्दा अगदीच खोटा नाही. फुकटचा सल्ला न घेणारे मालक आपल्याकडेही ढीगभर आहेत. पण मी ट्रेनर आहे, एवढं नक्की सांगते: ज्याला कोणता फॉर्म लागतो हेच माहीत नाही, त्याला कोणतं ट्रेनिंग विकत घ्यायचं हे कसं कळणार? त्याला आधी कोणीतरी शेजारी बसून 'तुझ्या मालाला हे तीन कागद लागतील, बाकीचे विसर' असं सांगायला हवं. आणि हे नियम लागू व्हायच्या आधी सांगायला हवं. घर गळायला लागल्यावर छत्रीचं कूपन देऊन काय उपयोग?

ब्रिटनमध्ये हे काम खरं तर स्थानिक उद्योग संघटनांना जमतं. मिडलँड्स एरोस्पेस अलायन्ससारख्या प्रादेशिक संघटना आहेत, देशपातळीवर एडीएस आहे. त्यांना कोणत्या गल्लीत कोण काय बनवतं ते माहीत असतं. माझ्या मते २,००० पौंडांची हजारो कूपनं वाटण्यापेक्षा अशा संघटनांमध्ये वर्षभर आधी कस्टम जाणणारी माणसं बसवली असती, तर जास्त वर्कशॉपचं भलं झालं असतं.

संशोधनाचा पैसा आणि पंगतीतली जागा

दुसरा भाग संशोधनाचा. युरोपचा होरायझन युरोप हा कार्यक्रम २०२१ ते २०२७ साठी सुमारे ९,५५० कोटी युरोंचा आहे. कमी प्रदूषण करणाऱ्या विमानांचं क्लीन एव्हिएशनचं कामही त्यातच येतं. करारात ब्रिटनला त्यात सहभागी करून घ्यायचं ठरलं होतं. पण उत्तर आयर्लंडच्या नियमांवरून भांडण झालं आणि सहभाग अडकला. तो मार्गी लागला सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि प्रत्यक्ष सुरू झाला १ जानेवारी २०२४ ला. पूर्ण तीन वर्षं गेली.

या काळात ब्रिटनने पैसे दिले नाहीत असं नाही. होरायझनमध्ये निवड झालेल्या ब्रिटिश अर्जदारांना सरकारने स्वतःच्या तिजोरीतून हमी दिली. एरोस्पेस टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमाला २०२२ मध्ये तीन वर्षांसाठी ६८.५ कोटी पौंड जाहीर झाले. २०२३ च्या अखेरीस पुढच्या पाच वर्षांसाठी विमान उद्योगाला आणखी ९७.५ कोटी पौंडांची घोषणा झाली. रक्कम छोटी नाही.

पण पैसा भरून देता येतो, पंगतीतली जागा भरून देता येत नाही. लहान कंपनी संशोधनात एकटी कधीच जात नाही. ती विद्यापीठाच्या किंवा मोठ्या कंपनीच्या मागे जाते. तिथे ग्रँटपेक्षा मोठी गोष्ट मिळते: पुढच्या विमानाला कोणता धातू, कोणतं कंपोझिट, कोणती टॉलरन्स लागणार हे पाच-दहा वर्षं आधी कळतं. ब्रिटन आत आहे की बाहेर हेच ठरलेलं नसेल, तर युरोपातला गटप्रमुख जोखीम कशाला घेईल? तो ब्रिटिश भागीदाराच्या जागी दुसरा शोधतो. मोठी कंपनी आपल्या फ्रान्स-जर्मनीतल्या शाखेतून बसते. लहान बाहेर राहते.

म्हणून मला मोठ्या रकमांपेक्षा नॅटेपसारखी योजना महत्त्वाची वाटते, जी लहान विमान-सप्लायरला स्वतःची कल्पना तयार करायला ग्रँट देण्यासाठी सुरू झाली. लहान रक्कम, सोपा अर्ज, लवकर निर्णय. लहान माणसाला एवढंच हवं असतं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. आभाळ कोसळलं नाही. ब्रॉटनला आजही पंख बनतात, डर्बीत इंजिनं बनतात. पण 'उद्योग टिकला' या वाक्यात मोठ्यांचा हिशोब असतो. ज्या वर्कशॉपने दुहेरी मान्यतेचा खर्च परवडत नाही म्हणून युरोपचं काम सोडलं, ते कोणत्याही बातमीत येत नाही.

आता तुमच्याबद्दल

२४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या. विमानाचे भाग आपल्याकडे बेळगावात बनतात, पुण्यात, नाशकात बनतात. 'आता ड्युटी नाही, चला ब्रिटनला' असे मेसेज फिरतायत. उत्साह ठेवा, पण त्या करारातही माल खरंच भारतात घडलाय हे सिद्ध करावं लागणारच. तेव्हा चार कामं आत्ताच करा.

१. कोटेशनमध्ये कागदाची वेगळी ओळ टाका. सर्टिफिकेट, टेस्टिंग, क्लिअरिंग एजंट, रेकॉर्ड ठेवायचा तुमचा वेळ. गिऱ्हाईक म्हणेल "हे कशाला?" तेव्हा समजावून सांगा. तरी देत नसेल तर ती ऑर्डर तुम्ही स्वतःच्या खिशातून करताय. अशी ऑर्डर सोडायची हिंमत ठेवा.

२. कच्चा माल कुठून आला हे आजपासून लिहून ठेवा. सप्लायरकडून बिलासोबत हीट नंबर आणि सर्टिफिकेट मागा. दोन वर्षांनी मागाल तर तो फोनही उचलणार नाही.

३. एकाच गिऱ्हाइकावर, एकाच देशावर, एकाच मान्यतेवर धंदा उभा असेल तर दुसरी वाट कोणती ते कागदावर लिहा. वाट लगेच धरायची गरज नाही. माहीत असली पाहिजे.

४. तुमच्या एमआयडीसीच्या असोसिएशनचे मेंबर व्हा आणि मीटिंगला जा. नुसता चहा पिऊन येऊ नका. 'नवा नियम येतोय, माहितगार माणूस बोलवा' असं उभं राहून मागा. सरकारी मदत मागणाऱ्याच्या दारात आधी येते.

आज संध्याकाळी शटर ओढल्यावर एवढंच करा: तुमच्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या एका मालासाठी किती कागद लागतात ते मोजा, आणि त्यांना महिन्याला किती तास जातात ते लिहा. त्या तासांना तुमच्या रोजाने गुणा. जो आकडा येईल, तो तुमच्या भावात आहे का?

नसेल, तर उद्या सकाळी नवीन भाव काढायला बसा.