'शैक्षणिक' या शब्दाचे मोल

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

आपल्या समाजात काही शब्दांना देव्हाऱ्यातल्या देवाचा मान आहे. 'शैक्षणिक' हा त्यांतलाच एक. सणाला साडी घेताना दहा दुकाने पालथी घालणारी आई आणि बैल घेताना त्याचे दात पाहणारा बाप, हे दोघेही 'मुलांच्या शिक्षणासाठी' म्हटले की घासाघीस करीत नाहीत. साडीचा पोत त्यांना कळतो, बैलाचे दात कळतात. शिक्षणाचा पोत कसा चाचपावा हे मात्र त्यांना कोणी शिकविलेले नसते. या लेखात या शब्दाची थोडी झाडाझडती घ्यावी असा विचार आहे. त्यासाठी उदाहरण घेते ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूचे : यात्रेत मिळणाऱ्या, टीव्हीला जोडायच्या, कळफलक असलेल्या व्हिडिओ गेमचे.

ही वस्तू आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. खोक्यावर संगणकापुढे बसलेल्या गोऱ्या मुलाचे चित्र. आत कळफलक, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकचे पिस्तूल आणि दोन कॅसेटी. एका कॅसेटवर ९९,९९,९९९ खेळ असे छापलेले, पण प्रत्यक्षात दहा-बारा खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. दुसरी कॅसेट 'शैक्षणिक'. तीत इंग्रजी टंकलेखन, बेरीज-वजाबाकी, पेटीसारखे सूर वाजविणे आणि बेसिक नावाची संगणकाची भाषा असे चार कप्पे होते. २०१५ साली आमच्या तालुक्याच्या यात्रेत वडिलांनी हे यंत्र साडेपाचशे रुपयांना घेतले. वडील हमाली करतात. त्यांच्या त्या वेळच्या दोन दिवसांच्या कमाईहून ही रक्कम अधिक होती. "कॉम्प्युटर आहे दादा, पोरगा हुशार होईल," असे विकणाऱ्याने सांगितले होते. पोरगा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आणि पोरीविषयी तो काही बोलला नव्हता.

या यंत्राचे मूळ जपानात आहे. निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिकॉम' हे खेळयंत्र बाजारात आणले. त्याचा मेंदू ६५०२ या चिपच्या घराण्यातला. ही चिप अमेरिकेत १९७५ साली अवघ्या २५ डॉलरला विक्रीस आली, आणि घरगुती संगणक सामान्य माणसाच्या आवाक्यात येण्यास तिची स्वस्ताई फार उपयोगी पडली. १९८४ साली निंटेंडोने फॅमिकॉमला जोडण्यासाठी कळफलक आणि 'फॅमिली बेसिक' नावाची कॅसेटही काढली. पुढे तैवान व चीनमधील कारखानदारांनी यंत्राची नक्कल केली, कळफलकाची केली, बेसिकचीही केली. कालांतराने तर सारे यंत्र एकाच चिपमध्ये कोंबले गेले. आमचे यंत्र भावाने उघडून पाहिले तेव्हा आत एका हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका तेवढा होता. त्या ठिपक्यात अख्खे फॅमिकॉम सामावले होते! खोक्यावर ना कारखान्याचे नाव, ना तक्रार करायला पत्ता.

आता कोणी म्हणेल, अशा खेळण्याकडून शिक्षणाची अपेक्षा कशाला? येथेच थोडे थांबावयास हवे. १९८४-८५ साली आपल्या केंद्र सरकारने 'क्लास' या नावाची योजना काढून देशातील निवडक शाळांना संगणक दिले. ते इंग्लंडमधील एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो होते, आणि त्यांचा मेंदूही याच ६५०२ घराण्यातला होता. म्हणजे सरकारने शाळेत सन्मानाने नेऊन ठेवलेला संगणक आणि यात्रेतल्या फरशीवर मांडलेला खेळ हे एकाच कुळातले! तेव्हा यंत्राची कुवत नव्हती असे म्हणता येत नाही.

बेसिक भाषेची कथा तर आपल्या कला शाखेला जवळची आहे. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती १९६४ साली तयार केली. विज्ञान व गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. म्हणजे जी विद्या आपल्यासारख्यांसाठी सोपी करून ठेवली होती, तीच आमच्या घरात टीव्हीच्या पडद्यावर येऊन उभी राहिली होती.

उभी राहिली, पण बोलली नाही. बेसिक उघडले की पडद्यावर एक चौकोन लुकलुकत राही. काय टाइप करावे, कोठून सुरुवात करावी, हे सांगणारे पुस्तक खोक्यात नव्हते. चार ओळींची घडीपत्रिका होती, तीही मोडक्या इंग्रजीत. काहीही टाइप केले की 'एसएन एरर' एवढे उत्तर येई. हे 'सिंटॅक्स' म्हणजे वाक्यरचना चुकल्याचे लक्षण आहे, हे मला बारावीनंतर कळले. भाऊ चार दिवसांत कंटाळून पिस्तुलाने बदके मारू लागला. मी मात्र टंकलेखनाच्या कप्प्यात रमले. वरून अक्षरे पडत, ती जमिनीला टेकण्याआधी कळ दाबावयाची. त्या खेळाने माझी बोटे इंग्रजी कळांवर बसली हे कबूल करावयास हवे. पण शब्द कळत नव्हते, केवळ अक्षरे कळत होती. बेरजा चुकल्या तर यंत्र 'चूक' असे दाखवी. कोठे चुकले ते दाखवीत नसे. आणि सर्वांत वाईट म्हणजे बटण बंद केले की सारे पुसले जाई. निंटेंडोच्या मूळ फॅमिली बेसिकमध्ये केलेले काम टेपवर साठविण्याची सोय होती. आमच्या यंत्रात नक्कल करणाऱ्याने खर्च वाचविला होता तो नेमका येथे. पाटीवरचा धडा निदान आईला संध्याकाळी दाखविता येतो. आमचा धडा तिला दाखविण्यापूर्वीच नाहीसा होत असे.

याच यंत्राने दुसऱ्या देशात काय केले ते पाहण्यासारखे आहे. चीनमधील झोंगशान शहरात 'शियाओबावांग' या नावाची यंत्रे बनत. तेथील कारखान्याचे प्रमुख द्वान युंगपिंग यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांत कळफलक जोडून त्याच नकली फॅमिकॉमला 'अभ्यासयंत्र' म्हणून विकावयास काढले, आणि जाहिरातीसाठी प्रसिद्ध नट जॅकी चॅन यांना आणले. मुलगा ड्रॅगन व्हावा अशी आस धरणे या अर्थाचा चिनी भाषेत वाक्प्रचार आहे, आणि जॅकी चॅन यांच्या चिनी नावाचा अर्थही 'ड्रॅगन होणे' असाच आहे. आईबापांच्या काळजाला हात घालणारी याहून नेमकी जाहिरात कोणती? आमच्या यात्रेतला विक्रेता चिनी भाषा जाणत नव्हता, पण वाक्य तेच बोलला होता. याच द्वान यांनी १९९५ साली बाहेर पडून बीबीके हा उद्योग उभारला. त्याच परिवारातून पुढे ओप्पो व विवो या कंपन्या निघाल्या, ज्यांचे फोन आज आपल्या वर्गातल्या निम्म्या बाकांवर दिसतील.

मात्र चिनी अभ्यासयंत्रात एक गोष्ट होती, जी आमच्या खोक्यात नव्हती. त्यात चिनी लिपी होती. वांग युंगमिन यांनी १९८३ साली चिनी अक्षरे साध्या कळफलकावरून लिहिण्याची 'वूबी' ही पद्धत सिद्ध केली होती. तिचा सराव त्या कॅसेटींत दिलेला असे. तेथील मुलगा खेळता खेळता का होईना, आपल्या भाषेत टाइप करावयास शिकत होता. मित्रहो, हजारो अक्षरांची चित्रलिपी ज्या यंत्रात बसली, त्यात आपली देवनागरी बसली नसती काय? जोडाक्षरे आणि मात्रा धरूनही ती बसली असती. बसविणारा कोणी नव्हता, एवढेच. वास्तविक ज्ञान आपल्याजवळ होते. देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ सालीच ठरला होता. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम तेथे झाले. विद्या पुण्यात होती आणि खोके यात्रेत होते. दोघांची गाठ कधी पडली नाही. आज सरकारी नोकरीच्या आशेने मी मराठी टंकलेखनाच्या वर्गाला शुल्क भरून जाते, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा आहे, तेव्हा ही गोष्ट मला फार जाणवते. ज्या बोटांना नवव्या वर्षी वळण लागले असते, त्यांना एकोणिसाव्या वर्षी लावावे लागत आहे.

या साऱ्यावर एक आक्षेप रास्त आहे. मुळात चोरीचा माल, त्याच्याकडून कसली प्रामाणिक शिकवण मिळणार? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलींची गणना वाङ्मयीन कृतींमध्ये झाली. तेव्हा आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी या चोरीला किरकोळ म्हणू नये. कवितासंग्रह छापून कवीचे नाव खोडावे तसाच हा प्रकार आहे. परंतु चोरीचा प्रश्न वेगळा आणि शिकवणुकीचा प्रश्न वेगळा. वस्तू कोणाच्या मालकीची हे परवाना सांगतो. ती शिकविते की नाही हे तो सांगत नाही. हे दोन प्रश्न एकत्र केले की परवाना असलेला प्रत्येक विक्रेता आपोआप गुरुजी ठरतो.

ही केवळ कल्पना नाही. गेल्या वर्षी माझ्या काकांकडे एका कंपनीचा माणूस आला. माझी चुलत बहीण पाचवीत आहे. तिच्यासाठी टॅबलेट आणि त्यात भरलेले धडे, किंमत चोवीस हजार, हप्त्यांनी. गळपट्टा, छापील पावती, सारे कायदेशीर. काकांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "तू शिकलेली, तूच बघ काय ते." मी त्या गृहस्थांना तीन प्रश्न विचारले. धडे मराठीत आहेत का? मुलीचे उत्तर चुकले तर का चुकले ते यंत्र सांगते का? आणि वर्गणी संपल्यावर तिने केलेला अभ्यास तिच्याजवळ राहतो का? मराठी 'लवकरच येणार' होती. चुकीच्या उत्तरावर लाल फुली येत होती. वर्गणी संपली की सारे बंद. यात्रेतल्या खोक्यात आणि या टॅबलेटात साडेतेवीस हजार रुपयांचे अंतर होते. तीन प्रश्नांची उत्तरे मात्र जवळजवळ तीच होती. बालभारतीच्या पुस्तकांवर छापलेले क्यूआर कोड काकांच्याच फोनवर उघडून मी दाखविले. 'दीक्षा'वरचे ते धडे मराठीत आहेत आणि फुकट आहेत. काकांनी तूर्त हप्ता टाळला आहे. पण शेजारच्या घरी तो टॅबलेट आला आहे, आणि काकू रोज त्या घराकडे पाहते. तिला दोष कसा द्यावा? मुलीसाठी आपण काही उणे ठेवले, ही रुखरुख कोणत्याही हप्त्याहून जड असते.

म्हणून मला वाटते, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या आमच्यासारख्यांवर एक वेगळे काम येऊन पडले आहे. आमच्या आईवडिलांना बैलाचे दात पाहता येतात. 'शैक्षणिक' वस्तूचे दात पाहण्याचे काम आता आमचे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. मुलाची भाषा, चुकीचे कारण आणि केलेल्या कामाची साठवण, एवढे तीन दात तपासले तरी पुरे. यंत्र स्वस्त आहे म्हणून हिणवू नये आणि महाग आहे म्हणून नमस्कार करू नये. साडेपाचशेच्या खोक्याला एक चांगले मराठी पुस्तक आणि शेजारी बसणारे एक माणूस मिळाले असते, तर माझा भाऊ आज कदाचित गॅरेजऐवजी दुसरीकडे असता. ते मिळाले नाही, आणि त्याबद्दल त्यालाच 'डोक्याने कमी' म्हटले गेले, हे मला अजून सलते.

शेवटी आपल्या प्राध्यापकवर्गाला एक विनंती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावात स्वच्छता करतो, झाडे लावतो. यंदा एक संध्याकाळ अशी ठेवावी, की गावकऱ्यांनी मुलांसाठी घेतलेली किंवा घ्यावयाची असलेली कोणतीही 'शैक्षणिक' वस्तू शाळेत घेऊन यावी, आणि आपण ती त्यांच्या समोर उघडून, चालवून, मराठीत समजावून सांगावी. खर्च काही नाही. एखाद्या हमालाचे दोन दिवसांचे कष्ट वाचले, तरी ती संध्याकाळ सत्कारणी लागली असे होईल.