एकट्याचा घांस

एकट्यानें जेवणें ही गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांतून कधींच भूषणावह मानिली गेली नाहीं. जो एकटाच खातो तो केवळ पाप खातो, अशा अर्थाचें वचन ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत आहे. आणि पानें मांडल्यावर कोणी अतिथि येतो कीं काय, हें दाराशीं जाऊन पाहण्याची चाल जुन्या घरांतून होती. अशा संस्कारांत वाढलेल्या मनुष्यास जपानांतील रामेनचीं लहानशीं दुकानें पाहून प्रथम नवल वाटतें. तेथें पुष्कळ गिऱ्हाइकें एकेकटीं येतात, एकेकटीं जेवतात, आणि त्यांत कोणास कांहीं उणें वाटत नाहीं.

रामेन म्हणजे ऊन रश्शांत घातलेल्या गव्हाच्या लांब शेवया. हा पदार्थ मूळचा चिनी. टोकियोच्या आसाकुसा भागांत १९१० सालीं ‘राइराइकेन’ नांवाचें दुकान निघालें व योकोहामाच्या चिनी वस्तींतील आचाऱ्यांनीं त्याची गोडी लोकांस लाविली. आपण पापडाच्या पिठांत पापडखार घालतों, तसें या शेवयांच्या पिठांत क्षारयुक्त पाणी घालतात. त्यानें त्यांस पिवळसर रंग व लवचिकपणा येतो. रस्सा बहुधा मांसाचा किंवा मासळीचा असल्यानें आमच्या बहुतेक वाचकांस तो वर्ज्यच. परंतु कोंबु नांवाचें समुद्रशैवाल व वाळलेलीं आळंबीं यांचा निवळ शाकाहारी रस्सा देणारीं दुकानेंही टोकियोंत आहेत. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनीं १९०८ सालीं ‘उमामी’ ही रुचि ओळखली, ती या कोंबूवरूनच.

अशाच एका दुकानांत एका पावसाळी सायंकाळीं आम्ही गेलों. दाराजवळच्या यंत्रांत नाणीं टाकून चिठी घेतली, ती आचाऱ्यापुढील लांब फळीवर ठेविली, आणि बोलण्याचें काम तेवढ्यावर संपलें. वाडगा पुढें आला तों वाफेनें चष्मा धुरकटला. पहिला घोट घशाखालीं उतरतांच दिवसभराचा गारठा अंगांतून निघून गेला. शेवया रश्शांत फार वेळ राहिल्या तर फुगून मऊ होतात. म्हणून त्या ऊन असतांनाच सुर्रकन् ओढून खावयाच्या असतात, आणि तो आवाज तेथें असभ्य गणला जात नाहीं. डाव्या-उजव्या अंगास माणसें होतीं. पण कोणी आमची विचारपूस केली नाहीं, कीं आग्रह केला नाहीं. चवीकडे इतकें लक्ष आम्हीं पूर्वीं क्वचितच दिलें असेल. जेवणापूर्वीं ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘नम्रपणें स्वीकारतों’, व उठतांना आभाराचे दोन शब्द म्हणण्याची तेथें रीत आहे. तेव्हां एकटा जेवणारा कृतघ्न असतो, असें म्हणतां येणार नाहीं.

वेदवचनाचा रोखही, आमच्या समजुतीप्रमाणें, भुकेल्यास न देतां खाणाऱ्यावर आहे. निवांत बसून खाणाऱ्यावर नाहीं. शिवाय आपल्या घरांतही एक व्यक्ति वर्षानुवर्षें एकटीच जेवत आली आहे. सर्वांचीं पानें उठल्यावर निवालेला भात व तळाशीं राहिलेली आमटी घेऊन बसणारी गृहिणी ती! तिला पंगतीची सोबत नाहीं आणि एकांताचें सुखही नाहीं; घांस हातांत असतांना कान माजघरांतील हांकेकडे. रामेनच्या दुकानांतील मनुष्यही एकटाच. परंतु त्याच्यासाठीं दुसऱ्या कोणी ताजें रांधलेलें असतें, आणि त्याचा वाडगा रिता होईपर्यंत त्यास कोणी हांक मारीत नाहीं.

ज्या घरांत हा क्रम आजही चालू असेल, तेथील पुरुषमंडळींस आमची एक सूचना आहे. आठवड्यांतून एक दिवस स्वयंपाकघर आपण हातीं घ्यावें. साधें पिठलें-भात केलें तरी चालेल. पण तें ऊन असतांना तिचें पान पहिल्यानें वाढावें, मुलांस बाहेर न्यावें, आणि अर्धा तास तिला हांक मारूं नये.