फीट, हृदय आणि 'उगाच घाबरवू नका'

आपल्याकडे फीट येणारा माणूस झोपेत गेला की दोन वाक्यं ठरलेली. 'झोपेतच हार्ट अटॅक आला म्हणे' आणि 'सुटला बिचारा'. दाखल्यावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. म्हणजे काय, तर हृदय आणि श्वास थांबला. अहो, तो सगळ्यांचाच थांबतो! बग रिपोर्टमध्ये कारण म्हणून कोणी 'प्रोग्राम बंद पडला' एवढंच लिहिलं तर मी तो परत पाठवतो. इथे मात्र तेवढ्यावर फाईल बंद.

फीट डोक्याचा आजार, हृदयाचा काय संबंध? चांगलाच आहे. हृदयाची गती कमीजास्त करणारे हुकूम मेंदूतूनच सुटतात. मेंदूतली ती विजेची दंगल तिथवर पोचली की हुकूमही बिघडतात. बहुतेकदा ठोके एकदम वाढतात, मिनिटाला शंभरच्या बरेच वर. क्वचित उलटं होतं, हृदय काही सेकंद चक्क थांबतं. मग मेंदूला रक्त मिळत नाही, त्यामुळे फीटच विझते, आणि हृदय बहुधा आपसूक चालू होतं. (अशा काहींना पेसमेकर बसवावा लागतो.)

जीव जातो तो मात्र सहसा असा नाही. एपिलेप्सीच्या पेशंटला अचानक येणारं, पोस्टमॉर्टेममध्येही कारण न सापडणारं मरण, त्याला डॉक्टरी भाषेत 'सुडेप' म्हणतात. प्रौढ पेशंटमध्ये वर्षाला साधारण १००० मागे १. २०१९ साली कॅमेरॉन बॉइस हा अमेरिकन नट विसाव्या वर्षी झोपेत गेला, तो यानेच.

२०१३ साली 'मॉर्टेमस' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हॉस्पिटलात व्हिडिओ-ईईजी तपासणीसाठी दाखल असताना झालेले असे १६ मृत्यू त्यात आहेत, त्यातले १४ रात्रीचे. दहा जणांच्या श्वासाची आणि ठोक्यांची नोंद मिळाली, आमच्या भाषेत लॉग. सगळ्यांत क्रम एकच. सर्वांग झटके देणारी मोठी फीट, मग जोराची धाप, मग श्वास आणि ठोके दोन्ही ढासळतात. शेवटी आधी श्वास बंद, हृदय त्यानंतर. फीट संपल्यापासून श्वास कायमचा थांबेपर्यंत जास्तीत जास्त ११ मिनिटं. म्हणजे थोडा का होईना, मधे वेळ असतो.. कोणी जवळ असेल तर!

आणि हेच घरच्यांना सांगितलं जात नाही. माझ्या आत्येभावाला बारा वर्षं फीट येते. तीन डॉक्टर झाले, एकानेही हा विषय काढला नाही. शेवटी मीच विचारलं तर उत्तर मिळालं, "उगाच घाबरवायचं कशाला?" मी म्हणतो, का नाही? डायबेटिसवाल्याला पाय कापावा लागेल म्हणून खुशाल घाबरवता ना? अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१७ मध्येच स्पष्ट म्हटलंय, की पेशंटला हा धोका सांगा, आणि मोठ्या फीट आटोक्यात आल्या की तो कमी होतो हेही सांगा. घाबरलेली माणसं गोळ्या चुकवत नाहीत हो. चुकवतात ती, ज्यांना वाटतं 'एखादी फीट आली तर आली'. किंवा सासरी कळू नये म्हणून डबी लपवणाऱ्या मुली. हिंदू विवाह कायद्यातून फीटचा उल्लेख १९९९ सालीच गेला, सासूसासरे अजून सुधारायचे आहेत.

माहीत असलं तर काय करता येतं? फीट थांबली की माणसाला कुशीवर वळवायचं, नाकतोंड मोकळं ठेवायचं, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळून हलायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. कांदा आणि चप्पल शोधण्यात जाणारी मिनिटं इथे वापरा.

जाता जाता अजून एक. काही जणांची 'फीट' मुळात फीट नसतेच. 'लाँग क्यूटी'सारख्या दोषाने हृदयाची लय बिघडते, माणूस कोसळतो, झटकेही देतो, आणि वर्षानुवर्षं फीटच्या गोळ्या खातो. म्हणून पहिल्या फीटनंतर ईसीजी काढायचा असतो. दहा मिनिटांचं काम. आत्येभावाचा पहिला ईसीजी निघाला बाराव्या वर्षी, तोही आत्या हटून बसली म्हणून. नॉर्मल आला.