सत्तांतर, शेअर बाजार आणि रुपया

लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी पक्षांना मिळालेल्या जागा आणि शेअर बाजाराचा निर्देशांक यांचे आकडे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शेजारी शेजारी झळकतात. बाजार कोसळला की जनतेचा कौल अर्थव्यवस्थेला मानवला नाही, असा अर्थ तत्काळ काढला जातो. गेल्या दोन दशकांचा अनुभव लक्षात घेता हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

मे 2004 मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीचा अनपेक्षित पराभव झाला. नवे सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर अवलंबून राहणार हे स्पष्ट होताच निर्गुंतवणुकीच्या भवितव्याविषयी गुंतवणूकदार साशंक झाले. 17 मे रोजी मुंबई शेअर बाजारातील व्यवहार दोनदा थांबवावे लागले आणि निर्देशांक 11 टक्क्यांहून अधिक घसरून 4,505 अंशांवर बंद झाला. निर्गुंतवणुकीविषयीची शंका निराधार नव्हती. पुढील काळात तिचा वेग खरोखरच मंदावला. तथापि 1991 च्या आर्थिक सुधारणांचे शिल्पकार मनमोहन सिंग पंतप्रधान झाले, धोरणांची मूळ दिशा कायम राहिली आणि वर्षअखेर निर्देशांकाने 6,600 चा टप्पा ओलांडला.

2009 मध्ये याच्या नेमके उलट घडले. डाव्यांच्या पाठिंब्याविना सरकार स्थापन होणार हे दिसताच 18 मे रोजी निर्देशांक एका दिवसात 17 टक्क्यांनी उसळला. पुढे 4 जून 2024 रोजी भारतीय जनता पक्षाला 240 जागांवर थांबावे लागले, तेव्हा निर्देशांकात 4,389 अंशांची घसरण झाली. मित्रपक्षांच्या साहाय्याने सरकार स्थापन होणार याची खात्री पटल्यावर अवघ्या तीन दिवसांत ही घसरण भरून निघाली. त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात वित्तीय तुटीचे लक्ष्य 5.1 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर आणण्यात आले. आघाडी सरकार खर्चाला मोकळी वाट करून देईल, ही भीती त्यामुळे ओसरली.

रुपयाची कथा मात्र वेगळी आहे. 4 जून 2024 रोजी बाजारात एवढी पडझड होऊनही रुपयाची घसरण 40 पैशांच्या आसपासच राहिली. रिझर्व्ह बँकेकडील परकीय चलनाचा साठा त्या वेळी 640 अब्ज डॉलरहून अधिक होता. याउलट, ऑगस्ट 2013 मध्ये कोणतेही सत्तांतर झालेले नसताना डॉलरचा भाव 68 रुपयांच्या पुढे गेला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखे खरेदी कमी करण्याचे दिलेले संकेत आणि 2012-13 मधील चालू खात्यावरील 4.8 टक्के तूट ही त्यामागील प्रमुख कारणे होती. डिसेंबर 2025 मध्येही केंद्रात स्थिर सरकार असताना रुपयाने 90 ची पातळी ओलांडली. अमेरिकेने भारतीय मालावर लादलेले 50 टक्के आयात शुल्क आणि परकीय गुंतवणूकदारांनी केलेली समभागांची विक्री यांचा दबाव त्या वेळी रुपयावर होता.

परकीय गुंतवणूकदार आपल्या नफ्याचा हिशेब डॉलरमध्ये मांडतो. समभागांवर 10 टक्के नफा झाला आणि त्याच काळात रुपयाचे मूल्य 5 टक्क्यांनी उतरले, तर त्याच्या हाती निम्म्याहूनही कमी नफा पडतो. म्हणूनच सत्तेवर कोणता पक्ष आला, यापेक्षा तूट आटोक्यात राहील काय, करधोरण स्थिर असेल काय आणि तेलाच्या आयातीचा भार किती वाढेल, हे प्रश्न त्याला अधिक महत्त्वाचे वाटतात.

राजकीय धक्क्यांची खरी किंमत अनेकदा लहान गुंतवणूकदार मोजतो. मतमोजणीच्या दिवशी घाबरून समभाग विकणाऱ्याचा तोटा कायमचा होतो. थांबणाऱ्याला मात्र 2004 आणि 2024 या दोन्ही वेळी तो भरून निघाल्याचे दिसले. प्रत्येक वेळी असेच घडेल, याची हमी अर्थातच कोणी देऊ शकत नाही. तरीही बाजाराचा एका दिवसाचा कौल हा सरकारच्या कामगिरीवरील निकाल नव्हे. तो निकाल अर्थसंकल्प, महागाई आणि परकीय व्यापाराचे आकडे सावकाश देत असतात, आणि रुपयाचे मूल्यही प्रामुख्याने त्यांच्याच आधारे ठरते.